डेडिकेटेड

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स-टायपिंगचं खोपटं.
निपाणीच्या हवेतच तंबाखूचा खाट,
परगावचं गिऱ्हाईक आधी शिंकतं, मग बोलतं.
अर्ज कानडीत, भांडण मराठीत,
आणि वजन पडावं म्हणून मधूनमधून इंग्लिश.

हा शब्द मी आठवड्यातून किती वेळा मारते.
मगदूम सरांच्या निवृत्तीचं मानपत्र :
एकोणचाळीस वर्षं डेडिकेटेड सेवा.
मजकूर सर स्वतःच शेजारी बसून सांगत होते,
तेवढ्या जागी घुटमळले. म्हणाले,
घाल गं, सगळेच घालतात.

कारखान्याची तक्रार :
डेडिकेटेड फीडर असूनही लाइट जाते.
म्हणजे एकट्यासाठी ओढलेली तार,
मध्ये कुणी आकडा टाकायचा नाही.

चिकोडीच्या एका पोराचा प्रबंध.
पहिल्या पानावर, मधोमध, तिरक्या अक्षरांत : आईस डेडिकेटेड.
आई बाहेर रिक्षात बसून होती.
तिला पान दाखवायचं राहिलं,
स्पायरल बाइंडिंगची घाई.

बुधवारी लगमव्वा आली.
कपाळाला भंडारा, पिशवीत पेन्शनचा फॉर्म
चार घड्या घातलेला.
रकाना सातवा : डेडिकेट केल्याचे वर्ष.

माझी बोटं थांबली.
"काय लिवलंय त्यात?"
मी म्हटलं, वाहून घेतलं ते साल.
"घेतलं?" ती म्हणाली,
"मी काय घ्यातलं? मला सोडली."
आणि कानडीत, जणू दुसऱ्याच बाईचं सांगावं तसं :
मुत्तु कट्टिदरु.
मोती बांधले.

सालाचा हिशेब तिनं असा दिला :
तांबडी मिलो खाल्ली त्या साली,
केसात जट झाली त्याच्या आदल्या पावसात,
दुधाचा एक दात पडायचा होता.
मी बहात्तर टाइप केलं.
आकडा रकान्यात अगदी नीट बसला.

आपल्याकडं फूल वाहतात,
ओझं वाहतात,
नदी तर नुसतीच वाहते.
वाहून घेणं आणि वाहून टाकणं
यांच्यात एक क्रियापद तेवढं बदलतं.
त्या इंग्लिश शब्दात
तेही बदलत नाही.

टेबलावर सरांचं मानपत्र वाळत होतं.
तिला वाचता येत नाही, पण आकार ओळखला.
फॉर्मवरचं अक्षर, मानपत्रावरचं अक्षर,
दोन्हीवर बोट ठेवून म्हणाली,
"ह्यो त्योच की.
मास्तरला बी सोडला व्हता व्हय?
कुणी?"

मी सांगायला गेले,
की तिथं त्याचा अर्थ वेगळा,
सरांनी आपण होऊन,
मनापासून, आणि पगार एक तारखेला—
तिथंच गप्प झाले.

"मग विड्यांचं कुटं लिवायचं?
एकतीस वरसं. दिसाला हजार.
एक दिस खाडा न्हाई,
पोरगी झाली त्यो आटवडा सोडून."

फॉर्म पुढून-मागून पाहिला.
एवढंच होतं :
कुणास वाहिले, कधी वाहिले,
सध्या उत्पन्नाचे साधन असल्यास.
कुणी वाहिले,
ते विचारलेलंच नव्हतं.

अंगठ्याला यंत्र चार वेळा नाही म्हणालं.
कातरीनं, पानानं, दोऱ्यानं
रेषा केव्हाच घासून नेलेल्या.
पाचव्यांदा तिनं अंगठा पदराला पुसला,
त्यावर फुंकर मारली,
लहान पोराच्या लागलेल्या जागी मारतात तशी.
दिवा हिरवा झाला.
वीस रुपये मोजून ती गेली,
मी नको म्हणत होते तरी.

संध्याकाळी मगदूम सर आले.
चष्मा पुसून वाचायला लागले,
एका ओळीवर अडले.
इथं एक शब्द होता ना गं?
काढला, सर.
मग हे काय घातलंस?
मराठीत घातलंय, सर :
एकोणचाळीस वर्षं रोज वेळेवर आले.

सर बराच वेळ कागदाकडं पाहत राहिले.
मग म्हणाले,
रोज नाही गं.
दोनदा चिकोडीची बस चुकली होती.
तेवढं दुरुस्त कर.